न केलेल्या त्यागाचा सत्कार

महाराष्ट्र मंडळात भाषण द्यायचं म्हणजे आधी स्वतःचा परिचय ऐकून घ्यायची तयारी लागते. परदेशातल्या मंडळात तर जास्तच. तिथे माणसं हौशी, हॉल तीन तासांसाठी भाड्याने घेतलेला आणि माईक एकदा हातात आला की सोडवत नाही. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेल्या अश्लेषाला हे ठाऊक होतं. म्हणून ती चेहऱ्यावर बेताचं हसू ठेवून गप्प बसली होती. पडद्यावर तिच्या भाषणाचं नाव होतं, 'ध्रुवीय समुद्रपक्ष्यांचा संसार', आणि त्याच्याखाली मंडळाने आपल्या मनाने पेंग्विनची एक रांग उभी केली होती. अश्लेषा उन्हाळ्यात जायची ते स्पिट्सबर्गेन उत्तर ध्रुवाकडे, आणि पेंग्विन सगळे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तिने तसं आधी कळवलंही होतं. "असू दे गं, मुलांना आवडतात," असं उत्तर आलं. तिनेही म्हटलं, असू दे.

निवेदन करणाऱ्या लतिकाताई माहेरापासून सुरू झाल्या. अश्लेषा नाशिकची, मग पुणे, मग फ्रांकफुर्टमधल्या संस्थेत पीएचडी. दोन उन्हाळे आर्क्टिकमध्ये. खांद्याला बंदूक, कारण तिकडे पांढरी अस्वलं फिरतात. इथे सभागृहाने "अरे बापरे" केलं. लतिकाताईंनी कागद उलटला आणि आवाज हळवा केला.

"पण आजचा हा सत्कार केवळ त्यांच्या संशोधनासाठी नाही. अश्लेषाताईंची तीन वर्षांची लेक उर्जा ऑगस्टमध्ये किटात, आपल्या बालवाडीत, जाणार. मुलीला त्या वेळी आई हवी. म्हणून त्यांनी यंदाची आर्क्टिकची मोहीम स्वतःहून सोडली आहे. करिअर की मूल, या प्रश्नाला त्यांनी एका आईचं उत्तर दिलं. होऊन जाऊ द्या जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरोखरच जोरदार झाल्या. अश्लेषाचे हातसुद्धा सवयीने टाळीसाठी उचलले गेले आणि तसेच अधांतरी राहिले. घरी तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. गुरुवारचं विमान होतं.

तिने शेजारी पाहिलं. तिचा नवरा निहार मांडीवर बसलेल्या उर्जाच्या बुटाचा बंद सोडून पुन्हा लावत होता. तो बंद मघाशीच नीट लावलेला होता. तिला कळायचं ते कळलं.

"निहार, हे काय आहे?"

"घरी बोलू. प्लीज. लोक बघतायत."

लोक बघतायत! अख्ख्या सभेत बायकोच्या नावावर नसलेला त्याग खपवताना याला लोक दिसले नाहीत, आता दिसायला लागले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोवर दिनकरराव शाल-श्रीफळ घेऊन समोर उभे राहिले होते, फोटोवाला "इकडे बघा" म्हणत होता, आणि बाई कितीही शिकलेली असली तरी खांद्यावर येणारी शाल झटकून टाकायला एक क्षण जास्तच लागतो. तेवढ्यात शाल पांघरून झाली.

दिनकरराव मंडळाचे अध्यक्ष. शिवाय बाड हॉम्बुर्गच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत निहार नोकरी करायचा, तिथे त्याचे साहेब. ते खाली वाकून म्हणाले, "निहारने कँटीनमध्ये मला सांगितलं ना, तेव्हा खरंच गहिवरून आलं गं. मी लगेच लतिकाला म्हटलं, हे परिचयात आलंच पाहिजे."

म्हणजे उगम कँटीनमध्ये होता तर.

आता थोडं मागे जायला हवं, नाहीतर बिचाऱ्या निहारवर अन्याय व्हायचा. तसा अन्याय अश्लेषाने कधी केलेला नाही. मार्चमध्ये दोघांनी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून सगळं ठरवलं होतं. उर्जा आजवर एका टागेसमुटरकडे, म्हणजे घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे जायची. तिथे ती इतकं जर्मन शिकली की घरात मराठी समजायची सगळी, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. आता तिला मोठ्या किटात जागा मिळाली होती, एक ऑगस्टपासून. आणि जर्मन किटा म्हणजे आपल्यासारखं रडतं मूल दारातून आत ढकलून रिक्षा वळवणं नव्हे. तिथे आइनगेव्योनुंग असते. आईने किंवा बापाने आधी काही दिवस वर्गाच्या कोपऱ्यात मुकाट बसायचं. मग पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन यायचं, मग अर्धा तास, मग तास. मूल रुळेपर्यंत हे चालतं, कधी दोन आठवडे, कधी चार. आणि बसणारं माणूस तेच असावं लागतं, मधेच बदलायचं नाही. नेमकी तीच वेळ अश्लेषाच्या पक्ष्यांची पिल्लं घरट्यातून बाहेर पडायची. निहार तेव्हा म्हणाला होता, "जा, क्लार, अर्थातच मी एल्टर्नत्साइट घेतो. तू बिनधास्त जा."

एल्टर्नत्साइट, म्हणजे मुलासाठीची रजा, मागायची तर तीन महिने आधी साहेबांना लिहून द्यावं लागतं. निहारने दिलं नाही. एप्रिलमध्ये साहेब कामात होते, मेमध्ये मूडमध्ये नव्हते आणि जूनमध्ये मुदत उलटली होती. अश्लेषाने विचारलं की तो म्हणायचा, "होतंय गं." मग दिनकररावांनी कँटीनमध्ये सहज विचारलं, "ऑगस्टला रिलीज आहे, तुझी बायको तिकडे जाणार ना? तू असशील ना इथे?" आणि गडी म्हणून गेला, "नाही नाही, ती यंदा जात नाहीये. उर्जासाठी." इतकं सोपं! साहेबांना 'नाही' म्हणायचं धाडस नाही, म्हणून बायकोचं 'नाही' तिला न विचारता परस्पर वाटून टाकलं. हे तिला पुढे गाडीत कळलं. त्या क्षणी स्टेजवर चढताना तिला फक्त एवढंच कळत होतं की तिच्या जाण्याचा निकाल ती सोडून सगळ्यांना आधीच माहीत आहे.

आणि तिसरा उन्हाळा म्हणजे काही हौसेची सहल नव्हती. गेल्या वर्षी तिने पक्ष्यांच्या पायांत नखाएवढी यंत्रं बसवली होती. वर्षभर पक्षी कुठे गेला, किती लांब गेला, ते सगळं त्या यंत्रात. पण ते बाहेर काढायचं तर तोच पक्षी, त्याच दगडाच्या फटीपाशी पुन्हा पकडावा लागतो. त्या फटी तिला पाठ होत्या. तिथे एकट्याने काम करायची परवानगी नसते, अस्वलांमुळे, त्यामुळे ती गेली नाही तर तिच्या जोडीची नॉर्वेजियन मुलगीही जाऊ शकत नव्हती. पुढच्या वर्षी यंत्रं गळून पडलेली, शिष्यवृत्ती संपलेली. ही मोहीम गेली तर प्रबंध गेला, सरळ हिशोब होता. निहारला हा हिशोब तिच्याइतकाच माहीत होता, कारण त्याच टेबलावर बसून तिने तो त्याला समजावला होता.

तिने माईक घेतला. 

"या चित्रातले पक्षी मी कधी पाहिलेले नाहीत," ती म्हणाली. "माझा पक्षी लिटल ऑक. साळुंकीपेक्षा थोडा मोठा, काळा-पांढरा, आणि मान देवाने द्यायचीच राहिल्यासारखा. डोंगरउतारावर दगडांच्या राशी असतात. त्यांच्या फटींत हा घर करतो. वर्षाला एकच अंडं."

लोक हसले. तिने हसू दिलं. स्लाइड पुढे गेली, बर्फातून काळे दगड वर आलेले, आणि त्यांच्यावर मोहरी सांडावी तसे हजारो पक्षी.

"अंडं दोघं पाळीपाळीने उबवतात. पिल्लू निघालं की दोघंही समुद्रावर जातात. खाणं काय, तर तांदळाच्या कणीएवढे जीव, पण चरबीने गच्च. ते गळ्याखालच्या पिशवीत भरून आणायचे आणि पिल्लाच्या चोचीत रिकामे करायचे. पिशवी भरली की हा पक्षी गालगुंड झाल्यासारखा दिसतो. यांच्या फेऱ्या दोन तऱ्हांच्या असतात. पिल्लासाठी आखूड, पटकन जायचं, पटकन यायचं. आणि मधूनच एखादी लांबची फेरी, स्वतःसाठी. पुष्कळ लांब, बर्फाच्या कडेपर्यंत. तिकडे तो पिल्लाचं नाही, स्वतःचं पोट भरतो. आई असो, बाप असो."

ती थांबली. पुढचं वाक्य भाषणात नव्हतं.

"ही लांबची फेरी म्हणजे चैन नाही. ती केली नाही तर पक्षी वाळत जातो, आणि मग पिल्लाला आणून घालायला कुणी उरत नाही. समुद्र तापतोय, तशा चरबीच्या कण्या कमी होतायत, आणि फेऱ्या लांबतायत. दोन वर्षं मी तेच मोजतेय. आणि या पक्ष्यात आणखी एक गोष्ट आहे. पिल्लू उडायच्या काही दिवस आधी आई निघून जाते. मागे बाप राहतो. तो एकटा खायला घालतो, आणि पिल्लू पहिल्यांदा समुद्राकडे झेपावतं तेव्हा तोच सोबत असतो. वाटेवर आकाशात मोठे कुरव, पिल्लांवर झडप घालणारे समुद्रपक्षी, टपलेले असतात, त्यातून त्याला घेऊन जातो."

सभागृहात चुळबुळ झाली. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, हात वर करून उभे राहिले.

"म्हणजे पक्ष्यांतही आई पळून जायला लागली म्हणा की! कलियुग तिकडेही पोचलं."

हॉल हसला. निहारही हसला. तो हसला नसता तर कदाचित पुढचं सगळं घरी झालं असतं. पण तो हसला, सुटल्यासारखा, खांदे सैल सोडून. अश्लेषाने ते वरून स्वच्छ पाहिलं.

"पळून जात नाही, आजोबा," ती म्हणाली. "का जाते ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही. कदाचित अंडं घालून, उबवून, भरवून तिच्या अंगात काही उरत नाही. कदाचित दुसरं काही असेल. ते शोधायलाच मी जाते. आणि एक सांगू? मी पक्ष्यांना विचारून घर चालवत नाही. त्यांच्यात आई थांबली असती तरी मी गेलेच असते. आता परिचयात एक चूक झाली आहे, ती दुरुस्त करते."

लतिकाताईंनी कागद छातीशी धरला.

"मी काहीही सोडलेलं नाही. मी गुरुवारी जातेय. उर्जाच्या आइनगेव्योनुंगला किटात निहार बसणार आहे. त्याने ते मार्चमध्ये कबूल केलं होतं. एल्टर्नत्साइटचा अर्ज त्याने दिला की नाही हे मला माहीत नाही, पण त्याचा वर्षाचा उरलाउब, हक्काची रजा, शिल्लक आहे, तो तर आहे ना? मी न केलेल्या त्यागाचा सत्कार मला नको." तिने शाल काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावर नारळ ठेवला. "तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही मनापासून वाचलंत. मला फक्त कुणी सांगितलं नाही."

एवढी शांतता त्या मंडळात श्रद्धांजलीलाही होत नसेल. मागच्या किचनमध्ये वडे तळल्याचा आवाज ऐकू यायला लागला. निहारचा चेहरा उतरला होता. तो अश्लेषाकडे बघत नव्हता. तो दिनकररावांकडे बघत होता.

दिनकरराव उठले. मुरलेला माणूस. दहा वर्षं मंडळ आणि पंधरा वर्षं ऑफिस चालवलेलं, प्रसंग कसा सावरायचा हे त्याला कुणी शिकवायला नको. त्यांनी माईक हातात घेतला, एक क्षण भुवई ताणून निहारकडे पाहिलं आणि मग मोकळं हसले.

"आल्झो, असं आहे तर, निहार! अरे, मग सरळ सांगायचं ना गाढवा! मी काय वाघ आहे का? ऑगस्टचा रिलीज गेला खड्ड्यात." त्यांनी हात वर केला. "रजा मंजूर!"

आणि हॉल दणाणला. लोक उभे राहिले. कुणीतरी शिटी मारली. निहार उठला, उर्जाला कडेवर घेतलं, आणि लाजत, एका हाताने नमस्कार केला. मघाच्या टाळ्या काहीच नव्हत्या असं वाटावं अशा टाळ्या पडल्या. मागून एका बाईंचा आवाज आला, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं हो!" फोटोवाला धावत पुढे गेला, निहार आणि दिनकररावांचा हस्तांदोलनाचा फोटो निघाला, मधे उर्जा.

अश्लेषा टेबलामागे उभी होती. तिला हवं होतं ते झालं होतं. चार महिने ज्याच्यासाठी ती रोज विचारत होती, ते एका विनोदात, दोन पुरुषांनी, तिच्याकडे न बघता मिटवून टाकलं होतं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला माईक फेकून मारावासा वाटला. कुणाला मारावा हे ठरेना, म्हणून तिने तो नीट बंद करून ठेवला.

चहाच्या वेळी बायकांनी तिला घेरलं.

"नशीब काढलंस हं. आमचे हे तर डायपरसुद्धा…"

"आणि किती समंजस! तू सगळ्यांसमोर बोललीस तरी त्याच्या चेहऱ्यावर राग नाही."

"त्याला सांभाळून घे बाई. असे पुरुष रागावले की आतल्या आत रागावतात."

तिने वडा घेतला नाही. लतिकाताई एका बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "मला खरंच वाटलं तुला माहीत असेल. नाहीतर मी वाचलं नसतं."

"तुमची चूक नाही, लतिकाताई."

"पण शेवट गोड झाला ना?"

अश्लेषाने त्यांच्याकडे पाहिलं. बाई मनाने चांगली होती. चांगल्या मनाच्या माणसांवर रागावता येत नाही, ही आणखी एक पीडा. "निघते मी," ती म्हणाली.

गाडी आउटोबानला, म्हणजे हमरस्त्याला, लागली. मग निहारने, काचेकडे बघत, कँटीनची सगळी गोष्ट सांगितली. एप्रिल, मे, जून, मुदत, साहेब. सांगता सांगता त्याचा आवाज हलका होत गेला, जसं काही ओझं उतरलंय आणि आता सगळं मागे पडलंय.

"पण तू फार चांगलं बोललीस," तो म्हणाला. "आणि दिनकर सरांनी बघ ना किती मोठेपणा दाखवला. सगळे माझं फार कौतुक करत होते. मला ऑकवर्डच झालं."

"ऑकवर्ड."

"म्हणजे, शेवटी झालं ना तुझ्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं मार्चमध्ये झालं होतं. तू हो म्हणालास तेव्हा. आज झालं ते तुझ्या साहेबांच्या मनासारखं झालं. त्यांनी उद्या मन बदललं तर तुझी रजाही बदलेल."

"असं कसं म्हणतेस? मी करतोय ना सगळं? बसणार आहे ना किटात? अजून काय करू?"

"तू बसणार आहेस कारण आता तू दिनकर सरांना नाही म्हणू शकत नाहीस. म्हणूनच, दुसरं काही कारण नाही. मला मात्र नाही म्हणालास, आणि तेसुद्धा मला न सांगता. ते तुला सोपं गेलं. सगळ्यांत सोपं मीच आहे."

"मुलीसमोर नको."

"मुलीसमोरच. तिच्याच नावाने केलंस ना?"

मागच्या सीटवरून उर्जाने पाय आपटले. तिला सगळं समजत होतं, फक्त बोलायची ती तिच्या भाषेत. "मामा, बिस्ट दू ब्योज?" आई, तू रागावलीस का?

हे असलं काही विचारलं की आजवर अश्लेषा म्हणायची, नाही गं, दमलेय. आज तिने मान वळवली. "हो, पिल्लू. खूप रागावलेय. बाबाने माझ्याबद्दल एका माणसाला खोटं सांगितलं."

"अश्लेषा, काय हे," निहार म्हणाला.

उर्जाने थोडा वेळ विचार केला. टागेसमुटरकडे खोटं बोलणं ही फार गंभीर बाब असायची, त्यावर वर्तुळात बसून चर्चा व्हायची. तिने बापाच्या सीटला पायाने हलकेच ढकललं. "पापा? हास्ट दू गेलोगन?"

"उर्जा, तो बघ केवढा मोठा ट्रक!"

"ती तुला विचारतेय," अश्लेषा म्हणाली. "खोटं बोललास का."

निहारने आरशात मुलीकडे पाहिलं. सभेत बायकोसमोर, साहेबांसमोर, शंभर माणसांसमोर त्याला जे जमलं नव्हतं, त्याला आता तोंड देण्यावाचून इलाज नव्हता, कारण गाडी चालू होती आणि मूल वाट बघत होतं.

"हो," तो म्हणाला.

"वारुम?" का?

निहारने आरसा उगाच सारखा केला. अश्लेषाने त्याला मदत केली नाही. हा प्रश्न तिचाही होता, फक्त तिने विचारला असता तर त्याने एप्रिल-मे-जून पुन्हा सांगितले असते.

"मला वाटलं," निहार शेवटी म्हणाला, अगदी लहान आवाजात, "आई ऐकून घेईल."

उर्जाचं समाधान झालं असावं, ती खिडकीबाहेर बघायला लागली. अश्लेषाचं झालं नाही. आज दिवसभरात हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला होता, हे तिला मान्य होतं. पण तिचा राग त्यामुळे तसूभरही उतरला नाही. उलट इतका वेळ तो राग कँटीनवर, साहेबांवर, आजोबांवर, टाळ्यांवर उगाच भटकत होता. आता त्याला त्याचं घर सापडलं होतं, आणि ते तिच्या शेजारच्याच सीटवर बसलं होतं.